नवी साधने आणि जुना विवेक

सेवाभावी संस्थांच्या आणि परिवर्तनवादी संघटनांच्या बैठकांत अलीकडे एक वाद हटकून उद्भवतो. वार्षिक अहवाल वाचला जातो. शिबिरे किती झाली, सभासद किती वाढले, वर्गणी किती जमली, या जुन्या रकान्यांच्या जोडीला आता नवे रकाने आलेले असतात : फेसबुकच्या पानाला अनुयायी किती, यूट्यूबवरील चित्रफीत किती जणांनी पाहिली, व्हॉट्सॲपचे गट किती. तरुण कार्यकर्ते हे आकडे उत्साहाने मांडतात. मग ज्येष्ठांपैकी कोणी तरी शांतपणे विचारतो, ‘यांपैकी गेल्या महिन्याच्या धरण्याला किती जण आले?’ सभेत थोडा वेळ स्तब्धता पसरते. तरुणांना वाटते, या मंडळींना काळ कळत नाही. ज्येष्ठांना वाटते, या मुलांना चळवळ कळत नाही. वाद तसाच ठेवून बैठक पुढच्या विषयाकडे वळते.

हा वाद असा अर्धवट सोडून देणे आपल्याला परवडणारे नाही. दोन्ही बाजूंना काही सत्य गवसले आहे आणि दोन्ही बाजू अर्ध्यावर थांबल्या आहेत, असे माझे मत आहे. समाजमाध्यमांकडे पाठ फिरवणारी संघटना नव्या पिढीला मुकेल, यात शंका नाही. परंतु केवळ त्यांच्यावर विसंबणारी संघटना स्वतःलाच मुकेल, हेही तितकेच खरे आहे. म्हणून ही साधने कोणाच्या हाती, कोणत्या नियमांनी आणि कशासाठी वापरायची, हा प्रश्न आपण नीट विचारात घेतला पाहिजे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. नव्या साधनांविषयीचा संकोच ही पुरोगामी चळवळीची परंपरा नव्हे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली ‘दीनबंधु’ काढला, तो छापखाना हे त्या काळचे प्रभावी साधन बहुजनांच्या हाती यावे म्हणून. प्रस्थापित पत्रांत आपल्या समाजाच्या दुःखाला जागा मिळत नाही, हे ओळखूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० साली ‘मूकनायक’ आणि १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी उपोषण आरंभले. पण त्याआधी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा काढून गावोगाव लोकांशी संवाद साधला होता. सेवादलाच्या कलापथकांनी गाणे, पोवाडा आणि वगनाट्य ही लोकांच्या ओळखीची माध्यमे विचारप्रसाराच्या कामी जुंपली. १९७५ च्या आणीबाणीत वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली, तेव्हा सायक्लोस्टाइल केलेली पत्रके हातोहात फिरली. ज्या पिढीने शाईने माखलेल्या हातांनी ती पत्रके काढली, तिने आज भ्रमणध्वनीला नाक मुरडावे, हे विसंगत आहे.

परंतु त्या पत्रकाचा आणखी एक विशेष होता, आणि तो तरुण मित्रांनी लक्षात घेण्यासारखा आहे. पत्रक देणारा घेणाऱ्याला ओळखत होता. ते जवळ बाळगण्यात धोका होता, त्यामुळे देणाऱ्याने विश्वास टाकलेला असे आणि घेणाऱ्याने जबाबदारी पत्करलेली असे. म्हणजे मजकुराचा प्रसार होत असतानाच माणसे एकमेकांशी बांधली जात होती. आज बोटाच्या एका स्पर्शाने संदेश शंभर जणांना जातो. पण धाडणाऱ्याने काही पणाला लावलेले नसते आणि घेणाऱ्याने काही पत्करलेले नसते. प्रसार आणि संघटन या दोन क्रिया पूर्वी बऱ्याच अंशी एकत्र घडत. नव्या साधनांनी त्या वेगळ्या केल्या आहेत. सगळा गोंधळ येथे आहे.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात घडले. मार्च २०१८ मध्ये अखिल भारतीय किसान सभेच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी, त्यांत बहुसंख्य आदिवासी, नाशिकहून मुंबईला पायी निघाले. अंतर सुमारे १८० किलोमीटर. वनहक्क कायद्याखाली कसत्या जमिनी नावावर व्हाव्यात, ही त्यांची प्रमुख मागणी. पहिले काही दिवस महानगराला त्याची विशेष दखल नव्हती. मग सोलवटलेल्या, रक्ताळलेल्या तळपायांची छायाचित्रे भ्रमणध्वनीवरून घरोघर पोहोचली. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास होऊ नये म्हणून ११ मार्चच्या रात्री विश्रांती न घेता हे लोक आझाद मैदानाकडे चालत गेले, ही वार्ताही तशीच पसरली. मुंबईकर पाणी, अन्न आणि पादत्राणे घेऊन रस्त्यावर आले. १२ मार्चला शासनाने लेखी आश्वासन दिले.

या घटनेतून समाजमाध्यमांच्या सामर्थ्याचा निष्कर्ष काढणारे अनेक लेख तेव्हा निघाले. तो निष्कर्ष खोटा नव्हता, अपुरा होता. शहरी मध्यमवर्गाच्या मनात करुणा जागवण्याचे काम त्या छायाचित्रांनी केले, हे निर्विवाद. परंतु ते पाय चालायला लागले ते छायाचित्रांमुळे नव्हे. त्यामागे आदिवासी पाड्यांवरच्या वर्षानुवर्षांच्या बैठका होत्या, मूठमूठ धान्याची जमवाजमव होती, वनजमिनीच्या दाव्यांचे कागद सांभाळून ठेवणारे कार्यकर्ते होते. आणि पुढे काय झाले? आश्वासनांची पूर्तता व्हावी म्हणून शेतकऱ्यांना फेब्रुवारी २०१९ मध्ये पुन्हा निघावे लागले आणि मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून निघून वासिंदपर्यंत पुन्हा चालावे लागले. २०१८ साली ज्यांनी ती छायाचित्रे भरल्या डोळ्यांनी पुढे धाडली, त्यांच्यापैकी कितीजणांनी नंतर आपल्या आमदाराला दावे निकाली निघाले का, असे विचारले असेल? करुणा जागवता येते. ती टिकवण्यासाठी संघटना लागते. त्या मुंबईकरांना जोडून ठेवणारी, महिन्या-दोन महिन्यांनी मागणीची स्थिती कळवणारी, त्यांच्याकडून काही काम मागणारी व्यवस्था उभी करता आली असती, तर समाजमाध्यमांचा उपयोग खऱ्या अर्थाने झाला असता. हा दोष एका संघटनेचा नव्हे, आपणा सर्वांचा आहे.

आता साधनाच्या मालकीकडे वळू. समाजवाद्याने हा प्रश्न विचारला नाही, तर कोणी विचारायचा? ‘दीनबंधु’चा खिळा भालेकरांचा होता. आपले फेसबुकचे पान आपले नाही. ते एका परदेशी कंपनीच्या जमिनीवर बांधलेले झोपडे आहे आणि जमीनमालक भाडे रोख न घेता वाचकाच्या सवयी, आवडीनिवडी आणि ओळखी यांच्या रूपाने घेतो. आपला मजकूर आपल्याच अनुयायांपैकी कितीजणांना दिसावा, हे त्याचे गणित ठरवते, आणि जाहिरातीचे पैसे मोजले की अधिक लोकांना दाखवण्याची तयारीही असते. म्हणजे आपण श्रम करून लोक गोळा करायचे आणि मग त्यांच्याशीच बोलण्यासाठी मालकाला पैसे द्यायचे! गिरणगावाच्या इतिहासाशी परिचित असलेल्या वाचकाला हा व्यवहार अनोळखी वाटू नये.

मालक घर बंदही करू शकतो. ऑर्कुट २०१४ साली बंद झाले, गूगल प्लस २०१९ साली. ट्विटर २०२२ साली एका धनाढ्य उद्योगपतीने विकत घेतले आणि वर्षभरात त्याचे नावही पालटले. दिल्लीच्या वेशीवर शेतकरी आंदोलन चालू असताना डिसेंबर २०२० मध्ये किसान एकता मोर्चाचे फेसबुक पान काही तासांसाठी नाहीसे झाले. गवगवा झाल्यावर परत आले. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये शासनाच्या सांगण्यावरून ट्विटरने त्यांचे खाते भारतात रोखून धरले. त्या आंदोलनाचे शहाणपण असे, की त्याने एकाच दोरावर भार टाकला नव्हता. समाजमाध्यमांचा उपयोग कुशलतेने चालू होता आणि त्याच वेळी ‘ट्रॉली टाइम्स’ नावाचे छापील पत्र पंजाबीत आणि हिंदीत निघत होते; ट्रॉलीट्रॉलीतून ते वाचले जात होते. खाते रोखले, म्हणून आंदोलन मुके झाले नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे घेण्याची घोषणा शासनाला करावी लागली.

दुसरा प्रश्न, या चावडीवर कोण हजर आहे आणि कोण नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार इंटरनेट कधीही वापरलेल्या स्त्रिया देशात सुमारे ३३ टक्के होत्या, तर पुरुष ५७ टक्के. स्वतः वापरता येईल असा भ्रमणध्वनी असलेल्या स्त्रिया ५४ टक्के होत्या. हे प्रमाण त्यानंतर वाढले असणार. परंतु दरी बुजली, असे कोणी समजू नये. ज्यांच्यासाठी आपण काम करतो त्या ऊसतोड मजूर स्त्रिया, घरकामगार, कचरावेचक, भटक्या जमातींतील माणसे या दरीच्या पलीकडे आहेत. घरातला एकच भ्रमणध्वनी नवऱ्याच्या खिशात असतो. त्यावर आलेला संदेश बायकोपर्यंत पोहोचेलच असे नाही, आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात तर तो नवऱ्यापर्यंतच पोहोचणे घातक ठरते. केवळ समाजमाध्यमांवरून बोलणारी संस्था नकळत आपल्या लोकांशी बोलायचे सोडून आपल्या लोकांविषयी इतरांशी बोलू लागते. हा फरक सूक्ष्म आहे, पण त्यात संस्थेचा वर्ग बदलतो.

याला उपाय नाहीत असे नव्हे. छत्तीसगडमध्ये २०१० साली ‘सीजीनेट स्वरा’ सुरू झाले. साध्या दूरध्वनीवरून मिस्ड कॉल द्यायचा, उलट फोन येतो, मग आपली तक्रार, बातमी किंवा गाणे आपल्या बोलीत ध्वनिमुद्रित करायचे अथवा इतरांनी सांगितलेले ऐकायचे. अक्षरओळखीची अट नाही, महागड्या यंत्राची अट नाही. बुंदेलखंडात २००२ साली ग्रामीण स्त्रियांनी बुंदेलीत सुरू केलेले ‘खबर लहरिया’ आधी छापील पत्र होते. पुढे त्याच स्त्रियांनी कॅमेरा हाती घेऊन चित्रफितींकडे वळण घेतले. दोन्ही ठिकाणी बोलणारे आणि ऐकणारे एकाच मातीतले आहेत. आपल्याकडे किती संस्थांची पाने अहिराणीत, वऱ्हाडीत, भिलीत किंवा गोंडीत बोलतात? देणगीदाराला कळावे म्हणून आपण इंग्रजीत लिहितो, मध्यमवर्गाला रुचावे म्हणून प्रमाण मराठीत. आणि ज्याच्या नावे हे चालते त्याच्या बोलीसाठी वेळ उरत नाही.

तिसरा प्रश्न प्रतिष्ठेचा. देणग्यांसाठी दुःखाची छायाचित्रे दाखवण्याची स्पर्धा सुरू झाली आहे. कुपोषित बालकाचा उघडा देह, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीचा रडवेला चेहरा, धान्याची पिशवी स्वीकारणारा खाली झुकलेला हात. पाहणाऱ्याला दया येते, पैसेही येतात. पण छायाचित्रातल्या माणसाला कोणी विचारलेले असते काय? एकदा पसरलेले चित्र परत घेता येत नाही. ते मूल मोठे होईल, शाळेत जाईल, तेव्हाही ते चित्र कोठे तरी असेल. हक्कासाठी लढणाऱ्या संघटनेने आपल्याच माणसांना भिक्षापात्र म्हणून उभे करावे, याहून मोठा साधनदोष नाही.

आणि या वाटांवरून केवळ सद्भावना धावत नाही, हेही आपण पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. तशा अफवा त्या काळात व्हॉट्सॲपवरून देशभर फिरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडण्याची मर्यादा घातली. ज्या गटात सकाळी सुविचार आणि दुपारी संस्थेचे आवाहन येते, त्याच गटात रात्री विष येते. मग आपल्या कार्यकर्त्याने न तपासलेला मजकूर, तो आपल्या बाजूचा असला तरी, पुढे धाडणे हा शिस्तभंग मानला पाहिजे. आपल्या बाजूची अफवा हीसुद्धा अफवाच असते.

तर मग करायचे काय? काही नियम सुचवतो. त्यांत नवे काही नाही. संघटनेची जुनीच पथ्ये नव्या साधनाला लावली आहेत.

संस्थेचे पान ही सभागृहाबाहेरची पाटी समजावी. सभागृह आपलेच असावे. जो समाजमाध्यमावरून भेटेल त्याचे नाव, गाव आणि काम करण्याची तयारी, त्याच्या संमतीने, संस्थेच्या स्वतःच्या नोंदवहीत आले पाहिजे. उद्या कंपनीने पान मिटवले तरी नोंदवही उरते. ती जपण्याची जबाबदारीही मोठी आहे. व्हॉट्सॲपच्या साध्या गटात प्रत्येकाला प्रत्येकाचा क्रमांक दिसतो. पीडित स्त्रियांना, रुग्णांना किंवा आंतरजातीय विवाह केलेल्या जोडप्यांना अशा गटात घालणे म्हणजे त्यांचा पत्ता चव्हाट्यावर लावणे होय.

प्रत्येक आवाहनाला एक निश्चित काम जोडलेले असावे, आणि ते झाले की नाही याचा पाठपुरावा व्हावा. ‘निषेध नोंदवा’ हे काम नव्हे. ‘तुमच्या वॉर्डातील रेशन दुकानावरचा साठ्याचा फलक वाचून शनिवारपर्यंत कळवा’ हे काम आहे. ज्याने ते केले त्याला कोणी तरी प्रत्यक्ष भेटावे. अनुयायाचा सभासद होतो तो या भेटीत.

देणगी ज्या वाटेने मागितली, त्याच वाटेने हिशेब द्यावा. यूपीआयमुळे आज दहा रुपयेही क्षणात धाडता येतात. बड्या देणगीदाराच्या आणि परदेशी निधीच्या कुबड्यांवाचून, सामान्य माणसांच्या लहान वर्गणीवर संस्था चालवण्याची संधी त्यामुळे आली आहे. ही फार मोलाची गोष्ट आहे. परंतु वर्गणी देणारा मालक असतो. त्याला आभाराच्या चित्राऐवजी जमाखर्च दाखवला पाहिजे.

आपले साहित्य कुलूपबंद ठेवू नये. शिबिरांच्या पुस्तिका, कायद्यांची सोपी विवरणे, आरोग्याचे तक्ते मुक्त परवान्याखाली सर्वांना वापरता, छापता आणि भाषांतरित करता येतील असे खुले करावेत. १ मे २००३ पासून मराठी विकिपीडिया उभा आहे. तेथे नोंदी लिहिणे हेही प्रबोधनाचेच काम आहे आणि ते कोणा जाहिरातदाराच्या नफ्यासाठी चालत नाही.

शेवटचे पथ्य घरातले आहे. बहुतेक संस्थांत हे सारे काम एका तरुणाच्या वा तरुणीच्या खांद्यावर असते. परवलीचा शब्द तिच्याच भ्रमणध्वनीत, मजकूर तिनेच रात्री जागून लिहायचा, शिव्याही तिनेच खायच्या. आणि बैठकीत मात्र हे ‘खरे काम’ नव्हे असे ऐकायचे. हे अन्यायाचे आहे. स्त्री कार्यकर्तीवर गलिच्छ हल्ला झाला, तर तो संघटनेवरचा हल्ला मानून सर्वांनी उभे राहिले पाहिजे. हे काम दोघा-तिघांकडे असावे, त्यांना संस्थेच्या निर्णयप्रक्रियेत स्थान असावे आणि त्यांनीही महिन्यातून काही दिवस वस्तीत घालवावेत. ज्याने वस्ती पाहिली नाही त्याची लेखणी लवकर खोटी पडते.

संस्थांची पथ्ये ही अर्धी बाजू झाली. उरलेली अर्धी राजकीय आहे. २०१२ साली पालघरमधील दोन तरुणींना, एकीने फेसबुकवर मत लिहिले आणि दुसरीने ते पसंत केले म्हणून अटक झाली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ते ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. त्याच वर्षी इंटरनेटची समान उपलब्धता टिकावी म्हणून नागरिकांनी दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे दहा लाखांहून अधिक पत्रे ई-मेलने धाडली. पुढे फेसबुकनेही आपल्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेच्या समर्थनार्थ वापरकर्त्यांकडून तयार मजकुराची पत्रे लाखोंनी धाडवली. पण विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांत नाहीत, असे प्राधिकरणाने सुनावले आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावाच्या दरांना मनाई केली. संख्येच्या मागे विचार असेल तर नागरिक बलाढ्य कंपनीलाही थोपवू शकतात, हा त्याचा धडा. आज आपली मागणी असली पाहिजे : समाजाच्या संवादाची साधने चालवणाऱ्या कंपन्यांची गणिते लोकांपुढे खुली व्हावीत, एका जागेवरचा आपला संपर्क उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क वापरणाऱ्याला मिळावा, आणि आंदोलन सुरू होताच इंटरनेट तोडण्याची सरकारी सवय मोडावी. रस्ता, पाणी आणि टपाल यांच्याविषयी आपण जे म्हणत आलो, तेच संवादाच्या या नव्या मार्गांविषयी म्हणायचे आहे.

डॉ. राममनोहर लोहिया कार्यकर्त्याच्या हाती फावडे, मतपेटी आणि तुरुंग ही तीन प्रतीके देत. रचना, निवडणूक आणि संघर्ष असा त्यांचा अर्थ. आजच्या तरुणाच्या हाती चौथी वस्तू आलेली आहे. तिच्यामुळे फावड्याला अधिक हात लाभत असतील, मत अधिक जाणतेपणी पडत असेल आणि तुरुंगात गेलेला साथी एकटा पडत नसेल, तर ती वस्तू आपली आहे. या तिन्हींच्या ऐवजी ती मिरवली जात असेल, तर अहवालातला आकडा कितीही फुगो, संघटना आतून पोकळ होत जाईल. म्हणून पुढच्या बैठकीत ज्येष्ठाने ‘किती आले?’ असे विचारण्याआधी ‘त्यांना बोलवायला आपल्यापैकी कोण गेले होते?’ असे विचारावे, आणि तरुणाने अनुयायांचा आकडा सांगताना त्यांतल्या दहा जणांची नावे व गावे सांगावीत. तेवढे घडले तरी वादाची गाठ सुटू लागेल.